डॉर्सेट की नॉर्थम्बरलँड? आधी महिना सांगा

इंग्लंडात मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आणि गळ्यात बरा कॅमेरा अडकवलेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: ‘चार दिवस आहेत. समुद्र, किल्ला, हिरवळ, सगळं एका फेरीत कुठे मिळेल?’ माझ्याकडे दोन नावं आहेत. दक्षिणेला डॉर्सेट, नाहीतर पार वर, स्कॉटलंडला टेकलेलं नॉर्थम्बरलँड. चार दिवसांत दोन्ही उरकायचा हट्ट नको, निम्मा वेळ गाडीतच जाईल. त्यामुळे मी उलट विचारतो, ‘तिकीट कुठल्या महिन्याचं आहे?’

डॉर्सेटचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून बसलाय. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो, नैर्ऋत्येला मावळतो. म्हणजे दोन्ही वेळा उजेड समुद्राच्या बाजूने येतो. ‘डर्डल डोअर’ ही चुनखडीची कमान तर थंडीतच बघावी. तिच्या पश्चिमेच्या वाळवंटावर उभं राहिलं की उगवता सूर्य कमानीच्या पोटातून आरपार दिसतो. तोही सकाळी आठच्या सुमाराला, म्हणजे चहा पिऊन निघता येतं! जूनमध्ये तिथेच सूर्य ईशान्येला, टेकड्यांच्या पाठीमागून येतो आणि कमानीला कोवळं ऊन मिळता मिळता निघून जातं. शिवाय उन्हाळ्यात गर्दी इतकी की फोटोत कमानीपेक्षा टॉवेल जास्त.

वाळवंट म्हटलं खरं, पण ती वाळू नाही, बारीक गोटे आहेत. लाट मागे फिरली की ते खळखळत घसरतात आणि ट्रायपॉडचा पाय बोटभर खचतो. पाच सेकंदांचं एक्स्पोजर लावलं होतं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं, घरी येऊन बघतो तर कमान दोन! तेव्हापासून पाय आधी हाताने दाबून रोवतो, दोन लाटा जाऊ देतो, मग बटण दाबतो. दुसरी अडचण पांढऱ्या खडकाची. ‘ओल्ड हॅरी रॉक्स’ हे खडूचे सुळके सकाळच्या उन्हात इतके झगझगतात की एक्स्पोजर थोडं कमीच ठेवावं लागतं, नाहीतर खडकाच्या जागी नुसता पांढरा कागद. तिथल्या कड्याला कठडा नाही. कडेचा खडू ठिसूळ असतो, चौकटीसाठी एक पाऊल पुढे टाकू नका.

नॉर्थम्बरलँडचा रंगच वेगळा. तिथला ‘व्हिन सिल’ हा डोलेराइटचा काळा थर. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचा चुलतभाऊ म्हणा, फक्त हा शिलारस जमिनीच्या पोटातच थिजला. बॅम्बरा आणि डन्स्टनबरा हे दोन्ही किल्ले याच कातळावर उभे आहेत. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग बघून मोठ्या झालेल्या माणसाला इथे फार ओळख काढावी लागत नाही. फरक एवढाच, की कोकणात आपण सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेला असतो, इथे तो समुद्रातून वर येतो.

डन्स्टनबराचं काम १३१३ मध्ये सुरू झालं, आता अवशेष उरलेत. क्रॅस्टर गावातून दोनेक किलोमीटर चालत जावं लागतं, गाडी जात नाही. म्हणूनच तो मला आवडतो. जवळच काळे गुळगुळीत गोल धोंडे पसरलेत. ओहोटीला ते ओले चकाकतात आणि तितकेच निसरडे असतात. बॅम्बराला मात्र जूनमध्येच जा. वायव्येच्या खडकांवरून, छोट्या दीपगृहापाशी उभे राहिलात की मावळतीचं ऊन तुमच्या पाठीमागून थेट तटबंदीवर पडतं आणि ओल्या वाळूत किल्ला उलटा दिसतो. थंडीत पहाटे तोच किल्ला नुसती काळी आकृती होतो. तीही वाईट नाही, पण रंग हवे असतील तर जून. त्याच दिवसांत सीहाउसेसहून होडीने फार्न बेटांवर पफिन पक्षी बघता येतात. जुलै संपता संपता ते समुद्रात परततात.

किंमत झोपेची मोजावी लागते. जूनमध्ये सूर्योदय साडेचारच्या आत आणि मावळतीला पावणेदहा. लहान मूल किंवा चिडका नवरा बरोबर असेल तर याचा विचार आधीच करा.

प्रवासात डॉर्सेट सोपं. लंडनच्या वॉटर्लूहून वूल स्टेशन अडीच तासांच्या आसपास, पुढे टॅक्सी. नॉर्थम्बरलँडसाठी बेरिक स्टेशनला लंडनच्याच किंग्ज क्रॉसहून साडेतीन-चार तास, आणि पुढे बस असल्या तरी पहाटे साडेतीनला कुणी तुमच्यासाठी बस सोडत नाही. गाडी चालवता येत नसेल तर इथेच निर्णय झाला. ड्रोन आणणाऱ्यांसाठी: नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जागेवरून परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि दोन्हीकडे बऱ्याच जागा त्यांच्याच आहेत.

वेळापत्रकाची कटकट दोन्हीकडे आहे, प्रकार वेगळा. डॉर्सेटमध्ये डर्डल डोअरजवळच्या ललवर्थ गावाच्या पूर्वेला लष्कराचं गोळीबाराचं क्षेत्र आहे, ते बहुतेक शनिवार-रविवारीच खुलं असतं. नॉर्थम्बरलँडमध्ये होली आयलंडचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. सुरक्षित वेळा छापलेल्या असतात, त्या पाठ करा. वाटेत खांबांवर उभी असलेली पांढरी खोली दिसेल, ती अडकलेल्यांसाठी आहे, फोटोसाठी नाही (मीही काढलाय, ते सोडा). बेटावरचा छोटा किल्ला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहण्याजोगा केला तो लट्येन्सने, आपल्या राष्ट्रपती भवनाच्या वास्तुकाराने. मला मात्र त्याच्या खालच्या उपड्या होड्यांच्या कोठ्या जास्त आवडतात. डांबर लावलेल्या, प्रत्येकीला दार आणि कुलूप. ढगाळ दिवशी, जेव्हा बाकी काहीच जमत नाही, तेव्हा त्या मस्त येतात.

तर डिसेंबर-जानेवारी असेल, किंवा गाडी नसेल, तर डॉर्सेट. मे-जून आणि गाडी असेल तर डोळे मिटून नॉर्थम्बरलँड. ऑक्टोबरवाल्यांनी मला सल्ला विचारू नये, कारण तेव्हा मी स्वतः डॉर्सेटमधल्याच कॉर्फ कासलला पळतो. १६४६ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने पाडलेला तो किल्ला समोरच्या टेकडीवरून धुक्यात तरंगताना दिसतो म्हणतात. तीनदा अंधारात चढलोय. दोनदा लख्ख ऊन होतं, आणि तिसऱ्यांदा धुकं इतकं दाट की किल्लाच दिसला नाही.