दुबई मेट्रो: प्लॅनिंग करताना आधी हे बघा

दुबईचं प्लॅनिंग चालू असेल तर टूरवाले पहिलं सांगतात की गाडीशिवाय तिथे काही खरं नाही, एकाने तर रोजची प्रायव्हेट गाडी पॅकेजमध्ये घालून गळ्यात मारायला बघितली, पण माझं मत विचाराल तर हॉटेल रेड लाईनच्या (मेट्रोचा मुख्य मार्ग) स्टेशनजवळ घ्या आणि बिनधास्त मेट्रोने फिरा. २००९ पासून चालू आहे, ड्रायव्हर नाही, त्यामुळे अगदी पुढच्या काचेशी उभं राहता येतं, फक्त एका टोकाचा डबा गोल्ड क्लासचा (जास्त भाड्याचा) असतो, त्यात साध्या कार्डावर चढलात तर दंड. बायका-मुलांचा डबा पण वेगळा आहे, प्लॅटफॉर्मवर गुलाबी पट्टी असते ती बघूनच चढा.

सिल्व्हर नोल कार्ड (प्रवासाचं साधं रिचार्ज कार्ड) २५ दिरहमला, त्यात १९ वापरायला मिळतात, तेच कार्ड बस आणि ट्रामला पण चालतं. एसी एकदम भारी. आत खाल्लंप्यायलं तर १०० दिरहम दंड, च्युइंगगम सुद्धा नाही, म्हणजे पोरांच्या हातातला खाऊ आधीच बॅगेत टाका!

आता कटकट. बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्टेशन नाव वाचून वाटतं उतरलो की समोरच बुर्ज, पण मधला बंद एसी पूल संपता संपत नाही, सरकते पट्टे आहेत तरी आजी-आजोबा सोबत असतील तर सरळ टॅक्सी करा. रविवारी पहिली गाडी सकाळी ८ ला, आणि विमानतळाच्या टर्मिनल २ ला मेट्रो जात नाही, विमानाचं तिकीट काढताना टर्मिनल बघून घ्या.