कपाट, पॅसेज आणि ड्राय बाल्कनीचे दिवे: चार्जिंगच्या सेन्सर पट्टीचे परीक्षण

फ्लॅटमध्ये दिव्यांचा विचार होतो तो हॉलसाठी आणि स्वयंपाकघरासाठी. कपाटे, पॅसेज आणि ड्राय बाल्कनी यांच्या नशिबी बिल्डरने छताला काढून दिलेला एकेक पॉइंट येतो. खोलीच्या मध्यभागी असलेला दिवा कितीही प्रखर लावला, तरी कपाट उघडून उभ्या राहिलेल्या माणसाची सावली नेमकी कपड्यांवर पडते. अशा जागांसाठी वॅट वाढवण्याऐवजी प्रकाशाची दिशा बदलावी लागते, हे एकदा लक्षात आले की खरेदीचे निकषच बदलतात. सध्या सर्वत्र विकल्या जाणाऱ्या, चुंबकाने चिकटणाऱ्या आणि टाइप-सी केबलने चार्ज होणाऱ्या आणि हालचाल टिपून आपोआप लागणाऱ्या दिव्यांच्या सेन्सर पट्ट्या आमच्या घरात तिन्ही ठिकाणी लावून पाहिल्या. त्यांतील एका ठिकाणी त्या उत्तम ठरल्या, दुसऱ्या ठिकाणी चालण्याजोग्या आणि तिसऱ्या ठिकाणी निरुपयोगी.

उत्तम ठरल्या त्या कपाटात. आधीच तयार झालेल्या फर्निचरमध्ये सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांना पुन्हा न बोलावता प्रकाश आणायचा असेल, तर याहून सोपा उपाय मला दिसत नाही. मात्र पट्टी कोठे लावायची, यावर सारे अवलंबून आहे. बहुतेक जण ती कपाटाच्या मागच्या फळीवर किंवा कप्प्याच्या छताला मधोमध लावतात. त्यामुळे दिवा थेट डोळ्यांत येतो आणि पुढे टांगलेले कपडे काळोखातच राहतात. वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने आणि किंचित मागे झुकवून लावल्यास प्रकाश कपड्यांच्या दर्शनी बाजूवर पडतो. सरकत्या दारांच्या कपाटात रुळांमुळे ही जागा मिळत नाही. तिथे बाजूच्या उभ्या फळीवर पट्टी उभी लावावी.

या पट्टीतील पीआयआर सेन्सर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. शरीराच्या उष्णतेतून येणाऱ्या अवरक्त किरणांत हालचालीमुळे होणारा बदल तो टिपतो. त्याचे सगळे गुणदोष यातूनच आलेले आहेत. हे किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत, म्हणून हल्ली लोकप्रिय झालेल्या काचेच्या शटरच्या कपाटात दार उघडल्याशिवाय दिवा लागत नाही. साडी निवडताना आपण स्तब्ध उभे राहिलो, तर साधारण वीस सेकंदांत तो विझतो आणि हात हलवल्यावर पुन्हा लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की याच सेन्सरची संवेदनशीलता घटते. शिवाय ‘फक्त अंधारात’ ही सोय चालू ठेवली, तर दिवसा खोलीतला उजेड सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि कपाटात आत अंधार असूनही दिवा लागत नाही. कपाटासाठी दिवसरात्र चालणारी सोयच निवडावी.

रंगाच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही. प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर. आपल्या बाजारात ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक प्रकाश सहज पुढे केला जातो. कपाटासाठी ४००० केल्व्हिनच्या आसपासचा प्रकाश मला सर्वांत योग्य वाटतो. त्याहून महत्त्वाचा असतो सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक. ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयच्या दिव्याखाली गर्द निळा आणि काळा, मोरपंखी आणि रामा, डाळिंबी आणि मरून हे रंग वेगळे ओळखू येतात. स्वस्त पट्ट्यांच्या खोक्यावर हा आकडा बहुधा नसतोच. मी घेतलेल्या दोन प्रकारांपैकी ज्यावर तो छापलेला नव्हता, त्याच्या प्रकाशात पैठणीचा लाल काठ तपकिरी दिसत होता. एवढ्या एका कारणासाठी मी तो प्रकार पुन्हा घेणार नाही.

चार्जिंगचा हिशेब सोपा आहे. दीड वॅटची पट्टी आणि १००० एमएएचची बॅटरी असेल, तर सलग सुमारे अडीच तास प्रकाश मिळतो. दिवसातून दहा वेळा कपाट उघडले, तर वीस सेकंदांच्या हिशेबाने रोजचा वापर साडेतीन मिनिटांहून कमी होतो. सेन्सर सतत थोडी वीज घेत असल्याने महिनाभर चार्ज टिकला, तर पट्टी चांगली समजावी. सहा महिने टिकण्याचे दावे या गणितात बसत नाहीत. नवीन फर्निचर करवून घेत असाल, तर चार्जिंगच्या भानगडीत न पडता ॲल्युमिनियम प्रोफाइलमधली १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी बसवावी आणि दाराला सेन्सर लावावा. दार उघडे असेपर्यंत ती सुरू राहते. तिचा ॲडॉप्टर मात्र कपड्यांमागे कोंबू नये. हवा खेळेल आणि हात पोहोचेल अशाच जागी ठेवावा.

पॅसेजमध्ये या पट्ट्या चालतात, पण केवळ रात्रीच्या वाटेपुरत्या. पीआयआर सेन्सरला समोरून सरळ चालत येणारा माणूस उशिरा कळतो आणि आडवा जाणारा चटकन कळतो. म्हणून पॅसेजच्या टोकाच्या भिंतीपेक्षा बाजूच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, मंद आणि ३००० केल्व्हिनच्या आतला दिवा लावणे हिताचे ठरते. घरात वडीलधारी माणसे असतील, तर रात्री बाथरूमला जाताना त्यांचे डोळे दिपत नाहीत आणि पायाखालची जमीन दिसते. याच्या जोडीला दोन्ही टोकांना टू-वे स्विच असलेला नेहमीचा दिवा हवाच. बॅटरी संपलेली आहे, हे रात्री दोन वाजता कळणे वयस्कर माणसासाठी धोक्याचे असते.

ड्राय बाल्कनीत मात्र ही पट्टी घेऊच नये. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्या चुंबकाला धरणारी चिकटपट्टी सुटते आणि वॉशिंग मशीनमधून निघालेल्या कपड्यांवरचा डाग दिसण्याइतका प्रकाश तिच्याकडून मिळत नाही. तिथे २० वॅटची, सुमारे २००० ल्युमेन प्रकाश देणारी चार फुटी एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांबट दिवा) हवी, तीही मशीनच्या वर, आपल्या पाठीमागे नव्हे. बाल्कनीत पावसाची झड येत असेल, तर आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणारी बंदिस्त बॅटन घ्यावी आणि खोक्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत.