९८ ची मारुती जिप्सी किंग (जीपसारखी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी) घरच्यांनी मिळून उभी केली, काही महिने वापरल्यावरचा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगतो, मुंबईत जुनी जिप्सी बघायला जाल तेव्हा बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली झोपा. इंजिनचं सगळं होतं हो. आमची किंग कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी, याच घराण्यातलं इंजिन मारुतीच्या एस्टीम कारला पण यायचं, त्यामुळे रिंगा, गॅस्केट, वॉटर पंप असलं सामान कुर्ल्याला सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसला मिळून जातं. पत्र्याचं तसं नाही. खारी हवा, वर चार महिने पाऊस, पत्र्याची वाट लागलेलीच असते.

आमची वरून एकदम चकाचक होती. बाबा फिटर म्हणून रिटायर झालेत, त्यांनी पायाखालचं मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हर टोचला तर थेट आरपार! काचेच्या फ्रेमची खालची कड, मागच्या चाकांवरचे कोपरे, सगळीकडे लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. पण चासी (गाडीचा खालचा सांगाडा) ठोकून बघितली तर ठणठणीत वाजली, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे पाटे चासीला जोडतात तिथे पण, म्हणून घेतली. तिथे सडलेली असती तर फुकटात पण नको म्हणालो असतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करू देत नाहीत (बरोबरच आहे, शेजारी दुसऱ्यांच्या गाड्या), त्यामुळे फ्लोअर बाहेरून बदलून आणला. बाकी खोलणं, गंज घासणं, प्रायमर, ब्रेकचे पाइप, बुश हे सगळं घरीच, रविवारी, दुपारी दोन ते चार ग्राइंडर बंद ही सेक्रेटरींची अट पाळून. मुलीने प्रत्येक जागचे नट-बोल्ट श्रीखंडाच्या वेगवेगळ्या डब्यांत टाकून वर पट्ट्या चिकटवल्या, "मागचा डावा शॅकल" वगैरे, ती नसती तर आजही जोडत बसलो असतो. आरटीओचं सगळं बायकोने बघितलं: १५ वर्षांवरची गाडी म्हणजे फिटनेस, पर्यावरण कर, मग ५ वर्षांसाठी आरसी रिन्यू. भावाला ऑलिव्ह ग्रीन हवा होता, पण तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच चालतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे तसं. मूळचा पांढराच ठेवला.

आता चालवण्याचं. चारी बाजूंना पाटे, त्यामुळे स्पीडब्रेकरला मागे बसलेल्यांचे हाल, आई तर एकदाच बसली. ईस्टर्न एक्सप्रेसवर ८० च्या पुढे छताची ताडपत्री इतकी फडफडते की गप्पा बंद. शहरात ९-१० चा ॲव्हरेज, एसी नाही, घाम भरपूर. पण पावसात मुरबाडकडे चिखलात खाली उतरून पुढचे हब लॉक केले (म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर मिळतो), लिव्हर फोर लोमध्ये (चारी चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) टाकली आणि ॲक्सिलरेटर जवळपास न दाबता ती जी शांतपणे बाहेर आली, त्यासाठी बाकी सगळं माफ. हलकी गाडी, रुततच नाही फारशी.

पेट्रोलचे रबरी पाइप मात्र लगेच बदलून घ्या, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, आमचा एक पाइप फुगून कार्ब्युरेटरपाशी थेंब पडत होते. आणि पाऊस संपला की फ्लोअरचे ड्रेनचे बूच काढून आत एकदा पाणी मारा, साचलेला चिखल तिथेच ओल धरतो. मॅटिंग आम्ही परत टाकलंच नाही, उघडा पत्रा दिसलेला बरा.