स्ट्रायपर की यूटू: श्रद्धा अंगावर की गाण्यात?

दोन्ही बँड ऐंशीच्या दशकात गाजले, दोन्हींची मुळं ख्रिस्ती श्रद्धेत. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रायपरने ती थेट अंगावरच चढवली. काळे-पिवळे पट्टे कपड्यांवर, गिटारवर, ड्रमवरसुद्धा. बोधचिन्हात बायबलमधलं यशया 53:5, म्हणजे ‘त्याच्या अंगावरच्या वळांनी आपण बरे झालो’ अशा अर्थाचं वचन; इंग्रजीत वळांना ‘स्ट्राइप्स’ म्हटलंय, म्हणजे पट्टेही. कार्यक्रमात गर्दीवर बायबलच्या प्रती भिरकावायचे! काहींना हे सवंग वाटलं, पण 1986 चा त्यांचा अल्बम अमेरिकेत दहा लाखांवर खपला. 1990 मध्ये मात्र पट्टे उतरले, गाण्यांतला येशूही मागे सरला, आणि 1992 मध्ये गायक मायकेल स्वीट बाहेर पडला.

डब्लिनच्या यूटूचं उलटं. चौघांपैकी तिघे शालोम नावाच्या प्रार्थनामंडळात जात. रॉक की देव, या पेचात 1981 च्या सुमारास बँड मोडायलाच आला होता. टिकला, आणि तो पेच गाण्यांत मुरला. 1987 च्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बममध्ये श्रद्धा आहे, तशी शोध अजून संपलेला नाही ही कबुलीही.

ऐकायला मला यूटूच जवळचे. पण धाडस म्हणाल तर हेअर मेटल या भडक, झगमगत्या रॉकच्या त्या गर्दीत, केस फुगवून, येशूचं नाव घेणं सोपं नव्हतं.