पाचगणीच्या ‘कर्नलसाहेबांचे’ डबे आणि माझे साडेबावीस हजार

सांगली-साताऱ्याकडे पाईप ओढणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बहुतेक एकमेकांना ओळखतात आणि चांगला तंबाखू कुठे मिळाला की फोन करतात. मला फसवणारा माणूस याच ओळखीतून माझ्यापर्यंत आला आणि तो अजून फिरतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर फोन आला. बोलणं अदबीचं, चाळिशीतला वाटला. पाचगणीला एका निवृत्त कर्नलसाहेबांचा बंगला विकायला निघालाय, साहेब १९९६ साली वारले, त्यांच्या कपाटात विलायती तंबाखूचे सीलबंद डबे निघालेत, घरच्यांना त्यात रस नाही, असं त्याने सांगितलं. पाचगणीत तसे जुने बंगले आहेत आणि साताऱ्याच्या घराघरांत फौजी आहेत. गोष्ट खोटी वाटायला जागाच नव्हती.

मला मोह का झाला ते सांगतो. पाईपच्या तंबाखूत व्हर्जिनिया नावाचं पान असतं. त्यात नैसर्गिक साखर भरपूर. ते डब्यात हवाबंद राहिलं की हळूहळू आंबतं, रंग काळपट होतो, जिभेला चावणं कमी होतं आणि सुक्या अंजिरासारखा गोडवा येतो. याला वर्षं लागतात. त्यात २०१८ मध्ये डनहिल या नावाजलेल्या विलायती कंपनीचा पाईपचा तंबाखू बंद झाला, त्याच वर्षी अमेरिकेतली मॅक्लेलंड ही तंबाखूची कंपनीही बंद पडली. डनहिलची मिश्रणं पुढे पीटरसन या दुसऱ्या कंपनीच्या नावाने येऊ लागली, पण जुन्या डब्यांचे भाव चढले ते चढलेच. अशात तीस वर्षांपूर्वीचे नऊ डबे अडीच हजाराला एक मिळतायत म्हटल्यावर मी हो म्हणालो.

तो सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी आला. बॅगेतून डबे काढून टेबलावर मांडले आणि त्यातला एक स्वतःहून माझ्यापुढे सरकवला. “काका, हा उघडून बघा. तुमची खात्री पटली पाहिजे.” गोल, पन्नास ग्रॅमचा डबा. झाकण मधोमध किंचित आत ओढलेलं, म्हणजे आत निर्वात. मी कडेला रुपयाचं नाणं घातलं, थोडं फिरवलं आणि फस्स करून हवा आत गेली. आत जवळजवळ काळ्या पट्ट्या, त्यांवर बारीक चकाकी, वास अंजीर-मनुक्यांचा आणि मागे थोडासा आंबूस. अस्सल माल होता, आजही तेच म्हणेन.

दुसरा डबा मी हातात घेतला तेव्हा तो म्हणाला, “काका, उघडला की त्याची किंमत गेली. हवा लागली की मुरणं थांबलं.” हे खरंच आहे, म्हणून मी थांबलो. जाताजाता म्हणाला, “एखाद्यात पांढरं दिसलं तर घाबरू नका, जुन्या मालावर साखर वर येते.” दहा हजार यूपीआयने आणि साडेबारा हजार रोख दिले. पावती मागितली नाही.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. आमचं घर हळदीच्या व्यापाराचं. हरिपूरला आमची दोन पेवं होती, २००५ च्या महापुरात गेली. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, हळद भरून वरून लिंपून बंद. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच आत कुणी उतरायचं नाही, तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसते. वडील सौद्याला जात तेव्हा एक गोष्ट मी शंभर वेळा पाहिली आहे. विकणारा पुढे करेल ते पोतं ते कधीच बघत नसत. थप्पीतलं मधलं, खालचं पोतं स्वतः दाखवत, त्यात नळी खुपसून नमुना काढायला लावत. मी मात्र त्याने निवडलेला डबा उघडला आणि उरलेल्या आठांवर विश्वास ठेवला.

दोन आठवड्यांनी रविवारी दुसरा डबा काढला. नाणं घातलं तर झाकण आवाज न करता हातात आलं. कडेला बोट फिरवलं तर चिकट, गोंदाचा थर. वास काकवीचा, आणि त्याखालून घशाला झोंबणारा एक ओळखीचा वास. जयसिंगपूरला वडिलांच्या मित्राच्या गोदामात लहानपणी हाच वास यायचा. निपाणीकडचा बिडीचा तंबाखू. तरी मी थोडा भरून ओढला, कारण मन मानत नव्हतं. चार झुरक्यांत घाम फुटला, डोकं गरगरलं, खुर्चीत बसवेना. बिडीचा तंबाखू अतिशय कडक असतो, पाईपमध्ये भरून ओढायचा नसतोच. बायकोने लिंबूपाणी दिलं, अर्ध्या तासाने बरं वाटलं.

मग सगळे डबे उघडले. तिसऱ्यात ती ‘साखर’ होती. घड्याळजी मित्राकडून भिंग आणलं. पहिल्या डब्यावरचे कण टोकदार, चमकणारे, पानाला घट्ट बसलेले. तिसऱ्यातलं पांढरं म्हणजे कापसासारखे तंतू, फुंकलं की हलणारे, आणि वास ओल्या तळघराचा. ती बुरशी होती. असा तंबाखू ओढायचा नाही, वाळवूनही नाही, सरळ टाकायचा.

लेबलांकडे तेव्हा नीट पाहिलं. डनहिलच्या दोन डब्यांवर बारीक अक्षरांत ‘मेड इन डेन्मार्क’ होतं. डनहिलचा तंबाखू २००५ च्या आसपासपासून डेन्मार्कमध्ये बनू लागला, त्याआधी तो बेलफास्टला बनायचा. एका डब्यावर जुनाट दिसणारा तपकिरी कागद चिकटवला होता. ओल्या फडक्याने पुसला तर खालून जाड काळ्या चौकटीतलं ‘स्मोकिंग किल्स’ निघालं. युरोपात असे मोठे इशारे २००३-०४ पासून सक्तीचे झाले. १९९६ साली वारलेल्या माणसाच्या कपाटात हे डबे येणार कुठून? रिकामे डबे गोळा करून, आत काहीही भरून ते पुन्हा चिकटवले होते.

फोन तोवर बंद झाला होता. पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज घेतला, पण पहिला प्रश्न पावतीचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा बसतो असं सांगितलं, मात्र रोख रकमेचा पुरावा माझ्याकडे नाही. यूपीआयने दिलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला असता तर ती रक्कम गोठवता आली असती कदाचित. मी दोन आठवडे उशिरा केला. आणि भारतात विक्रीला आलेल्या डब्यावर इथला सचित्र इशारा आणि छापील किंमत असावी लागते. ती नव्हती, हे मला घेतानाच दिसत होतं. परदेशातून येणाऱ्याला १२५ ग्रॅम तंबाखूच विनाशुल्क आणता येतो, म्हणून ‘भाच्याने वीस डबे आणले’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

ज्यांच्याकडे खरे जुने डबे आहेत त्यांनी झाकण बोटाने दाबून बघावं. वरखाली होऊन टकटक वाजलं तर सील गेलेलं आहे. कोमट पाण्यात धरलं आणि कडेने बुडबुडे आले तरी तेच. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्रा गंजतो आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सगळं वाळून जातं. मी स्वतः रबरी कडीच्या काचेच्या बरणीत भरून, तारीख लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवतो. फ्रिजमध्ये कधीच नाही. बरणी उघडल्यावर तासभर मोकळी ठेवायची, मग चिमूट दाबून बघायची. गोळा झाला तर ओला, कुरकुरला तर वाळका, हळूहळू उलगडला तर भरायला तयार. व्हॅनिलाबिनिला घातलेला सुगंधी तंबाखू वर्षं ठेवून सुधारत नाही, त्यामुळे तो ‘जुना’ म्हणून जास्त पैसे देऊन घेण्यात काही अर्थ नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका स्नेह्यांना फोन आला. तेच कर्नलसाहेब, तोच बंगला, आता बारा डबे. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की डबे टेबलावर मांडू द्या, मग तुम्ही निवडाल तो उघडायचा, त्याचे पैसे वेगळे द्यायचे, आणि बाकीचा व्यवहार पावतीवर. त्यांनी फोनवरच तसं विचारलं. तो म्हणाला, “घरच्यांना विचारून कळवतो.” त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. त्याचा नवा नंबर मी पोलीस ठाण्यात नेऊन दिला आहे. माझ्याकडचे आठही डबे गोंद आणि लेबलांसकट पिशवीत बांधून ठेवलेत. कुणाला ताडून बघायचे असतील तर सांगलीत माझ्याकडे या, दाखवतो.