पायथन शिकायला 'थिंक पायथन' घ्या, पण एडिशन बघून

आमच्या मावशीचा पोरगा खानापूरला मराठी शाळेत शिकला, आता बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, पहिल्याच वर्षाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आली आणि दादा कुठलं पुस्तक घेऊ सांग की म्हणून मागंच लागला. मी त्याला ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' सुचवलं आणि त्याच्यासोबत बसून मीपण वाचलं, म्हणून लिहितोय.

आधी एडिशन बघा. सेकंडहँड घेत असाल तर जास्तच, कारण सीनियर पोरांकडनं फिरत फिरत येणाऱ्या पुस्तकांत पायथन 2 ह्या जुन्या व्हर्जनची पण असतात आणि त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 लाच बंद झालाय. ओळखायचं सोपं आहे, दुकानातच आतलं पान उघडा, प्रोग्राममध्ये प्रिंटच्या पुढं कंस नसेल तर ठेवून द्या. ह्याच पुस्तकाची 2012 ची पहिली एडिशन पायथन 2 वर होती. 2015 ची दुसरी चालते, 2024 ची तिसरी मिळाली तर तीच घ्या.

मला सगळ्यात आवडली ती ह्याची भाषा. वाक्यं लहान, चॅप्टरच्या शेवटी नवीन शब्दांचे अर्थ सोप्या इंग्लिशमध्ये, मराठी नाहीतर कन्नड मीडियमच्या पोरांना ह्याचा केवढा आधार होतो ते शेजारी बसून बघितलं की कळतं. डीबगिंगवर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधून काढण्यावर, प्रत्येक चॅप्टरमध्ये वेगळा भाग आहे, त्यामुळं एरर आली की पोरगं लॅपटॉप बंद करत नाही, वाचायला लागतं. परीक्षेच्या गाईडमध्ये मात्र नुसता प्रोग्राम आणि खाली आउटपुट, परीक्षा निघून जाते पण स्वतः लिहायची वेळ आली की सगळं अडतंय.

खटकलं ते म्हणजे रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच परत बोलावणं) पाचव्याच चॅप्टरमध्ये आणलंय, नवीन माणसाला जड जातं, पहिल्यांदा तेवढं सोडून पुढं जा. आणि शब्दांचे एक्सरसाईज सगळे इंग्लिश शब्दांवर. ते आम्ही बदलून टाकले, बेळगाव, उचगाव, येळ्ळूर, कडोली, नंदगड अशी लिस्ट केली आणि 'गाव'नं संपणारी नावं शोधायला लावली, पायथन 3 मध्ये देवनागरी सरळ चालते. मग 'बेळगाव'ची लांबी विचारली तर उत्तर आलं 6! दादा, अक्षरं तर चारच आहेत की, म्हणाला. मी काही सांगितलं नाही, त्यानं फॉर लूप (तेच काम एकेकावर परत परत करणारा कोड) लावून एकेक तुकडा छापला, मात्रा आणि काना वेगळे मोजलेत हे त्याचं त्यालाच दिसलं, आणि स्ट्रिंग, म्हणजे पायथनमधला मजकूर, म्हणजे काय ते परत समजावून सांगावं लागलं नाही.

पैशाचं म्हणाल तर लेखकानं पूर्ण पुस्तक स्वतःच्या साइटवर फुकट वाचायला ठेवलंय, चॅप्टरच्या नोटबुक (मजकूर आणि चालवता येणारा कोड एकत्र असलेल्या फाइली) गूगलच्या कोलॅबमध्ये ब्राउझरमध्येच उघडतात, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. त्यातले पहिले तीन चॅप्टर करून बघा, पचले तरच छापील घ्या, झेरॉक्सवर पैसे घालू नका.