मंगळ बाजारातला सनकोट: घ्या, पण उजेडात धरून

सुरकुत्यांवरचं महागडं क्रीम घेण्याआधी बडोद्यातल्या स्कूटरवाल्या बायकांनी अंगावरचा सनकोट तपासावा. हात काळे पडू नयेत म्हणून आपण तो घेतो, पण त्याचं काम त्याहून मोठं आहे. चेहरा, मान आणि पंजे अकाली म्हातारे दिसण्यात सर्वांत मोठा वाटा रोजच्या उन्हाचा असतो. उन्हातल्या यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांपैकी यूव्हीए किरण त्वचेच्या आतल्या थरात उतरून तिला ताठ ठेवणारं कोलॅजन मोडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर सुरकुत्यांच्याही आधी वांग आणि डाग उमटतात. त्यात बडोदं कर्कवृत्ताच्या जरासं खाली, म्हणजे जूनमधल्या दुपारी सूर्य अगदी डोक्यावर.

मंगळ बाजाराच्या बाजूला 300 ते 600 रुपयांत पांढरा होजिअरीचा, छापील सुती आणि पॉलिएस्टर मिसळलेला असे कोट मिळतात. पांढरा दिसतो थंडगार, पण आमच्या मते तोच सगळ्यांत कुचकामी. ब्लीच केलेल्या पातळ सुतातून यूव्ही बरंच आरपार जातं. हँडल धरलं की होजिअरी कोपरावर ताणली जाते, विणीची भोकं उघडतात आणि घामाने कापड भिजलं की उरलंसुरलं संरक्षणही घटतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती कोट एक साइज मोठा घ्या. थोडं उकडेल, पण आत हवा खेळते. दुकानातच बाहीत हात घालून ती ट्यूबलाइटसमोर धरा. बोटं मोजता आली तर कोट परत ठेवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि वीण आणखी घट्ट होते, तेव्हा धुऊनच वापरायला काढा.

पंजावरची झडप बोटांच्या पेरांपर्यंत पोचते का, हे हँडल धरल्यासारखी मूठ वळून बघा. बहुतेक कोट इथेच तोकडे पडतात. चेन गळ्यापर्यंत लागली पाहिजे, नाहीतर छातीवरचा त्रिकोण उघडा राहतो आणि तिथली कातडी लवकर चुरगळते. कोटाची टोपी हेल्मेटखाली कोंबू नका, हेल्मेट नीट बसत नाही.

चेहरा मात्र कोटाच्या हद्दीबाहेर. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर टोकापर्यंत एकेक रेघ ओढता येईल इतकं सनस्क्रीन लागतं, एसपीएफ 30 किंवा जास्त. बायका वाटाण्याएवढं लावतात आणि क्रीमला नावं ठेवतात. बाहेरच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडचं, रंगीत सनस्क्रीन बघा. ते दिसणारा प्रकाशही अडवतं.

कारवाल्यांनी हसू नये. खिडकीची साधी काच यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, अडवते, पण यूव्हीए बराचसा आत येतो आणि आपल्याकडे तो चालकाच्या उजव्या गालावर पडतो. विडी-सिगारेटने कातडीचा रक्तपुरवठा आटतो, त्यावर कुठल्याच दुकानात कोट नाही.

पाचापैकी गडद सुतीला चार गुण, पांढऱ्या होजिअरीला दीड.